पडद्याआडचा आवाज

सभामंडपात कीर्तन ऐकताना कीर्तनकाराची मूर्तीही आपल्या समोर असते. चित्रातील पात्रास आवाज देणाऱ्या कलावंताच्या वाट्यास मात्र ते भाग्य येत नाही. म्हणूनच जपानच्या नोबुयो ओयामा यांचे चरित्र आम्हांस मननीय वाटते.

१९३३ साली तोक्यो येथे जन्मलेल्या या बाईंचा आवाज लहानपणापासूनच जाड व घोगरा. शाळेत मुले हसू लागली, तेव्हा त्यांनी बोलणेच टाकले. आईने त्यांस समजावले, की उणी बाजू झाकून ठेवल्यास ती अधिकच दुबळी होते, आवाज वापरावा. कन्या शाळेच्या ध्वनिक्षेपण मंडळात दाखल झाली. पुढे नाट्यशिक्षण घेऊन त्या या व्यवसायात आल्या, आणि एप्रिल १९७९ पासून मार्च २००५ पर्यंत दूरदर्शनवरील ‘डोरेमॉन’ या निळ्या यंत्रमांजराचा आवाज तो त्यांचाच. २००५ साली मुख्य कलावंतांनी एकदमच नव्या पिढीस जागा दिली.

२०१५ साली त्यांच्या पतीने त्यांच्या स्मृतिभ्रंशाची वार्ता जाहीर केली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, त्या निवर्तल्या.

आमच्याकडील मुलांनी डोरेमॉन हिंदीतून ऐकला. मूळ आवाज त्यांस ठाऊक नाही. जपानात मात्र जिची स्मृती तिला सोडून गेली, तिचा आवाज असंख्यांच्या स्मृतीत राहिला. शाळेतील मुलांनी ज्या आवाजाविरुद्ध निकाल दिला होता, तो निकाल पुढच्या मुलांनीच फिरवला. आमच्या मते यापरता मोठा न्याय नाही.