घरच्या कॉकपिटमधील अंकांचा उजेड

संगणकावरील विमानोड्डाण पडद्यापुरते न ठेवता घरातच विमानाचे कॉकपिट उभारण्याचा छंद जगभर जोपासला जातो. वेग, दिशा, उंची दाखवणारे अंकदर्शक हे अशा कॉकपिटचे मुख्य आकर्षण. ते उजळवणे सोपे. योग्य तेवढे मंद करणे अवघड. रात्रीच्या उड्डाणात कसोटी लागते ती याच ठिकाणी.

काळोखाला पुरते सरावण्यास डोळ्यांना सुमारे २० ते ३० मिनिटे लागतात आणि प्रखर उजेडाने ही सवय क्षणात मोडते. म्हणूनच खऱ्या विमानात पॅनेलचा प्रकाश कमी-अधिक करण्याची सोय असते. घरच्या अंधाऱ्या खोलीत अंक लखलखत राहिले, तर पडद्यावरील धावपट्टीचे दिवे त्यांच्यापुढे फिके पडतात.

जोडणी

बोइंग ७३७ च्या मोड कंट्रोल पॅनेलवर अंकांची वीसहून अधिक घरे असतात. प्रत्येक अंकात सात रेघा व एक टिंब असे आठ एलईडी. प्रत्येकाला स्वतंत्र तार द्यायची, तर दीडशेहून अधिक तारा लागतील. त्याऐवजी मॅक्स ७२१९ ही चिप वापरतात. ती आठ अंक सांभाळते. एका वेळी एकच अंक पेटवून ती सेकंदाला सुमारे ८०० फेऱ्या पूर्ण करते, त्यामुळे सर्व अंक सलग पेटलेले भासतात. आर्डुइनोकडून तिच्याकडे तीनच संदेशतारा जातात. चिप एकामागे एक जोडता येत असल्याने तीन चिपांत सारे पॅनेल सामावते. सिम्युलेटरमधील आकडे आर्डुइनोपर्यंत पोहोचवण्यासाठी मोबीफ्लाइट हे मोफत सॉफ्टवेअर वापरता येते. अंकदर्शक विकत घेताना तो ‘कॉमन कॅथोड’ प्रकारचाच मागावा. ‘कॉमन अ‍ॅनोड’ या चिपला थेट जोडता येत नाही.

विजेचा हिशेब आधीच करावा. प्रत्येक रेघेला ४० मिलीअँपिअर दिल्यास एक चिप सुमारे ३२० मिलीअँपिअर ओढते. तीन चिपांचा भार १ अँपिअरच्या घरात जातो. यूएसबी २.० च्या जोडणीतून जास्तीत जास्त ५०० मिलीअँपिअर मिळतात. म्हणून ५ व्होल्टचा स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर घ्यावा आणि त्याचा ग्राउंड आर्डुइनोच्या ग्राउंडशी जोडावा. ही एक तार राहिली, तर अंक भलतेच दिसू लागतात. प्रत्येक चिपलगत १० व ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर बसवणेही आवश्यक.

उजेड कमी करताना

पुरवठ्याचा दाब घटवून अंक मंद करण्याचा मोह टाळावा. ठरावीक दाबाखाली एलईडी पेटत नाही आणि ४ व्होल्टच्या खाली चिपच्या कामाची खात्री उरत नाही. योग्य मार्ग म्हणजे एलईडी पेटता ठेवण्याचा काळ कमी करणे. त्यासाठी चिपमध्ये १६ पायऱ्या आहेत. सर्वांत खालच्या पायरीवर हा काळ १/३२, तर सर्वांत वरच्या पायरीवर ३१/३२ असतो.

येथेच बहुतेकांची फसगत होते. डोळ्यांना फरक जाणवतो तो उजेडाच्या प्रमाणातला. पहिल्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाताना उजेड तिप्पट होतो, तर शेवटच्या दोन पायऱ्यांत जेमतेम ७ टक्क्यांचा फरक असतो. शिवाय सर्वांत खालची पायरी म्हणजे पूर्ण अंधार नव्हे. काळोख्या खोलीत तीही डोळ्यांत खुपू शकते. यावरील उपाय केवळ आज्ञावलीत शोधून भागत नाही. चिपच्या प्रवाहाची कमाल मर्यादा एक रेझिस्टर ठरवतो. ४० मिलीअँपिअरसाठी तो साधारण १० किलोओहमचा असतो. त्याहून मोठा रेझिस्टर लावल्यास सोळाही पायऱ्या एकदम खाली सरकतात आणि विजेचा भारही हलका होतो.

मग उरतो फिरवायचा नॉब. आर्डुइनो त्याची स्थिती ० ते १०२३ या आकड्यांत वाचतो, म्हणजे एका पायरीच्या वाट्याला ६४ आकडे येतात. नॉब नेमका सीमेवर थांबला, तर उजेड दोन पायऱ्यांमध्ये थरथरतो. सीमा थोडी अधिक ओलांडल्याशिवाय पायरी बदलू नये, एवढी अट आज्ञावलीत घातली की ही थरथर थांबते.

रेझिस्टरची निवड मात्र दिवसा करू नये. खोली अंधारी करून, रात्रीची धावपट्टी समोर ठेवून आणि डोळे काळोखाला सरावल्यावरच ती करावी. अंक वाचता येतात आणि धावपट्टीचे दिवेही स्पष्ट दिसतात, ती मर्यादा योग्य.