दर्ग्याच्या अंगणातली ठुमरी

मिरज हे नाव ऐकले की आगगाडीने फिरणाऱ्याला जंक्शन आठवते आणि गाणाऱ्याला तंबोरा. पंढरपूरकडचा मोठा कडू भोपळा मिरजेत येतो, वाळतो, चिरला जातो आणि त्याचा तंबोरा होतो. हा धंदा वाढवला शिकलगारांनी. ज्यांचे वाडवडील तलवारींना धार लावीत, ते हात लढायांचे दिवस सरल्यावर तारा जुळवू लागले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण आजचा विषय तंबोरा नाही. त्या तंबोऱ्याच्या साथीने जे प्रेमगीत गायिले जाते, त्या ठुमरीची हकिकत सांगायची आहे.

मिरजेत ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेब यांचा दर्गा आहे. दरवर्षी तेथे उरूस भरतो. उरुसात गलेफ घालण्याचा पहिला मान चर्मकार समाजाचा, ही तेथली जुनी रीत. त्याच दिवसांत दर्ग्याच्या आवारात, चिंचेच्या झाडाखाली, रात्र-रात्र गाणे चालते. तिकीट नाही की राखीव खुर्ची नाही. हमाल, बागवान, मास्तर, वकील, बाजाराला आलेला शेतकरी, ज्याला जेथे जागा सापडेल तेथे तो बसतो. गवयीही तेथे बिदागीकडे न पाहता हजेरी लावतात.

आता एखादा म्हणेल, देवाच्या दारी भजन व्हावे, कव्वाली व्हावी. तेथे ठुमरीचे काय काम? प्रश्न रास्त आहे. आणि तो काही आजचा नाही.

आधी ठुमरी म्हणजे काय ते पाहू. शब्द बहुधा ब्रज किंवा अवधी बोलीतले, आणि थोडे. दोन-चार ओळी, बस. बोलणारी बहुतेक वेळा बाई असते आणि ज्याच्याशी ती बोलते तो जवळ नसतो. मग एवढ्याशा शब्दांवर अर्धा तास कसा गातात? समजा, बाजाराच्या दिवशी घरधनी तालुक्याला गेला आहे. दिवस मावळला. घरची बाई दारात उभी राहून म्हणते, ‘अजून आले नाहीत.’ तीन शब्द. पण ती काळजीने म्हणेल तर एक अर्थ, रागाने म्हणेल तर दुसरा, सासूला ऐकू जावे म्हणून मोठ्याने म्हणेल तर तिसरा. आणि वळणावर बैलांच्या घुंगरांचा आवाज येताच तेच शब्द हसतही म्हणेल. गवयी हेच सुरांनी करतो. शब्द तेच ठेवतो, भाव पालटतो. याला ‘बोल बनवणे’ म्हणतात. शिक्षकबंधूंनी वर्गात एकच वाक्य चार मुलांकडून चार तऱ्हांनी वाचून घ्यावे. ठुमरीचा पहिला धडा तेथेच होतो.

या गाण्याची भरभराट झाली लखनौला, नबाब वाजिद अली शहा यांच्या वेळी. १८५६ साली इंग्रजांनी त्यांचे राज्य खालसा केले, नबाब कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला जाऊन राहिले आणि त्यांच्या पाठोपाठ ठुमरीही कलकत्त्याला गेली. बनारसला तिला संथपणा आला. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातले भय्या गणपतराव यांनी ती पेटीवर अशी काही रंगवली की पेटी आणि ठुमरी यांची सोयरीकच जमली. (त्याच पेटीला रेडिओने १९४० पासून तीसेक वर्षे दाराबाहेर ठेवले होते, हीही गंमतच.)

पण ठुमरी खऱ्या अर्थाने जतन केली ती गाणाऱ्या बायकांनी. त्या शिकलेल्या असत, त्यांना शेरोशायरी ठाऊक असे, वर्षानुवर्षे उस्तादांपुढे बसून त्यांनी विद्या मिळवलेली असे. १९०२ साली कलकत्त्यात तबकडीत गाणे भरणाऱ्या गौहरजान यांच्यातल्याच. लोक त्यांचे गाणे ऐकत आणि त्यांच्या उंबऱ्याला नाव ठेवीत. आवड चारचौघांत कबूल करायची नाही, असा मामला होता.

याच मिरजेत कुरुंदवाडचा एक मुलगा बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी गाणे शिकला. फटाक्याच्या दारूने त्याची दृष्टी अधू झाली होती. पुढे ते पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर झाले. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. घरंदाज मुलामुलींनी गाणे शिकावे ही त्यांची तळमळ. तेव्हा त्यांनी काय केले, तर चिजांमधले शृंगाराचे शब्द काढून तेथे भक्तीचे शब्द घातले. त्यांचे उपकार मोठे आहेत. आज खेड्यातल्या शाळेत पेटी वाजते त्यात त्यांचा वाटा आहे. तरीही मला वाटते, या शुद्धीकरणात एक गोष्ट निसटली. ज्या शब्दांना बाहेर काढले, त्यांच्याबरोबर ते शब्द सांभाळणाऱ्या बायकांनाही बाहेर काढले गेले.

विष्णु दिगंबरांच्याच जन्मसाली, म्हणजे १८७२ मध्ये, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावी अब्दुल करीम खाँ जन्मले. त्यांचे घराणे ते ‘किराणा’ घराणे. भुसारी दुकानाशी त्याचा संबंध नाही बरे का! बडोद्याहून फिरत फिरत खाँसाहेब मिरजेला आले. आजारातून मीरासाहेबांच्या कृपेने उठलो, अशी त्यांची श्रद्धा होती असे सांगतात. उरुसात ते दर्ग्यात सेवा म्हणून गात. ख्यालाइतक्याच मनापासून ते ठुमरी गात, आणि ‘मानापमान’ नाटकातले मराठी पदही गात. त्यांच्या ठुमरीत नखरा नव्हता. आवाज बारीक, सूर लांब आणि करुण. ऐकणाऱ्याला कळेना की ही हाक प्रियकराला आहे की परमेश्वराला.

आणि आपल्या मुलखाला हे नवे थोडेच होते? ज्ञानदेवांच्या विराण्या आपण ऐकल्या आहेत. भजनात गौळण झाली नाही तर मंडळी उठत नाहीत. ब्रज भाषा कळली नाही तरी वाट पाहणारी बाई आपल्याला ओळखू आली ती त्यामुळे.

खाँसाहेबांची झिंझोटी रागातली ठुमरी तबकडीत भरली गेली आणि फोनोच्या कर्ण्यातून हॉटेलांत, दुकानांत वाजू लागली. गदगच्या बाजारात ती तबकडी ऐकून एक पोर वेडावले आणि १९३३ साली गुरूच्या शोधात घर सोडून गेले. ते पोर म्हणजे भीमसेन जोशी. १९३७ साली मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना खाँसाहेबांना वाटेत बरे वाटेना. ते एका लहान स्टेशनावर उतरले आणि तेथेच त्यांनी देह ठेवला. त्यांचे दफन मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात झाले.

त्यांची मुलगी १९०५ साली मिरजेतच जन्मली. आई ताराबाई माने खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या, मुलांनी वडिलांचे नाव मागे ठेवले, आणि ही मुलगी हिराबाई बडोदेकर म्हणून पुढे आली. तिकीट लावून जाहीर जलसे करणाऱ्या पहिल्या काही गायिकांत त्यांची गणना होते. तिकिटाचे महत्त्व नीट ध्यानात घ्या. बैठकीत गाणारीला कुणीतरी बोलावी, बिदागी देई आणि म्हणून तिच्यावर हक्क सांगू पाही. तिकिटाने तो हक्क संपवला. चार आणे देणाऱ्याला गाणे मिळे, गाणारी नव्हे. हिराबाई साध्या लुगड्यात, हातवारे न करता बसत आणि ठुमरी गात. नवऱ्याबरोबर बायकाही ऐकायला येऊ लागल्या.

१५ ऑगस्ट १९४७ ला दिल्लीत वंदे मातरम् गाण्याचा मान हिराबाईंना मिळाला. त्याच सुमारास रेडिओने ठरवले होते की ज्यांचे खासगी जीवन लोकापवादाचा विषय आहे अशा गायिकांना माइकपुढे बसवायचे नाही. कितीजणींची ठुमरी त्या दारातून परतली असेल, ते कोण सांगणार? काहींनी लग्न करून नाव बदलले, काहींनी गाणेच सोडले. तबकड्यांवर मात्र त्यांची नावे राहिली. जुन्या तबकडीच्या शेवटी गाणारी स्वतःचे नाव मोठ्याने सांगे, म्हणून तर ते आपल्याला ऐकू येते.

उरुसाच्या दिवसांत त्या बाजूला गेलात तर अंगणात एक रात्र बसा. गवयी ठुमरी धरील तेव्हा पहिली ओळ कितीदा येते ते बोटांवर मोजू लागा. दहाच्या पुढे मोजदाद राहत नाही.