शांतिवन, चिचोली

नागपूर शहराबाहेर काटोल रस्त्यावर, फेटरीजवळच्या चिचोली गावातील बौद्ध केंद्र. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या रोजच्या वापरातील वस्तूंच्या संग्रहासाठी ते ओळखले जाते. कोट, टाय, टोप्या, काठी, टाइपरायटर असा हा ऐवज आहे. एकेक वस्तू सुटी पाहिली, तर त्या काळच्या कोणत्याही बॅरिस्टराच्या घरी सापडली असती.

वस्तू इथवर आल्या त्या दोन माणसांमुळे. नानकचंद रत्तू हे मूळचे पंजाबचे, दिल्लीत बाबासाहेबांचे स्वीय सहायक. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’चे हस्तलिखित टाइप करणाऱ्यांत ते होते आणि त्या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी त्यांचे आभार मानले आहेत. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री उशिरापर्यंत रत्तू बाबासाहेबांच्या २६, अलीपूर रोडवरच्या निवासस्थानी होते. दुसऱ्या दिवशी पहाटे बाबासाहेबांच्या निधनाची वार्ता आली. रत्तूंनी जपलेल्या वस्तू पुढे वामनराव गोडबोले यांच्याकडे आल्या. बाबासाहेबांनी बौद्ध धम्म स्वीकारला त्या नागपुरातील १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षा सोहळ्याची व्यवस्था पाहणाऱ्या भारतीय बौद्धजन समितीचे ते सचिव होते. शांतिवन उभे राहिले तेही त्यांच्याच खटपटीतून. पंजाबी सहायकाने दिल्लीतला ठेवा नागपूरकराच्या हाती द्यावा, हा विश्वास दीक्षेच्या कार्यातून आलेला दिसतो.

संग्रहातल्या टाइपरायटरविषयी सर्वाधिक बोलले जाते. संविधानाचा मसुदा त्यावर टाइप झाल्याचे सांगतात. तेवढ्याने त्याच्याभोवती गर्दी जमते. त्याच कंपनीचे, त्याच वर्षीचे दुसरे यंत्र शेजारी ठेवले, तर तिकडे कोणी ढुंकूनही पाहणार नाही.

या ओढीचा अभ्यास झाला आहे. ग्राहकवर्तनाचे अभ्यासक रसेल बेल्क यांनी १९८८ मध्ये मांडले, की माणूस आपल्या वस्तूंना स्वतःचाच विस्तार मानतो. मानसशास्त्रज्ञ ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग अधिक गमतीचा आहे. लहान मुलांना ‘हुबेहूब नक्कल करणारे’ यंत्र दाखवण्यात आले. कुशीत घेऊन झोपायच्या लाडक्या वस्तूची नक्कल बहुतेकांना नको होती. त्यांना आपली मूळचीच हवी होती. काहींनी तर ती यंत्रात घालूच दिली नाही.

बौद्ध परंपरेत या भावनेला फार आधीच जागा मिळाली होती. पूज्य अवशेष तिथे तीन प्रकारचे मानतात : अस्थी, केस वगैरे शारीरिक; भिक्षापात्र, चीवर यांसारख्या वापरातल्या वस्तू, म्हणजे पारिभोगिक; आणि मूर्तीसारखे, आठवणीसाठी घडवलेले उद्देशिक. नागपुरात तिन्ही सापडतात. धम्मदीक्षा झाली त्या दीक्षाभूमीच्या स्तूपात बाबासाहेबांच्या अस्थी आहेत, चौकाचौकांत पुतळे आहेत, आणि पारिभोगिक ते चिचोलीत. दीक्षेच्या स्मरणदिनी, अशोक विजयादशमीला, दीक्षाभूमीवर येणाऱ्या लाखोंपैकी काही जण तिथेही जातात.

यात एक पेच आहेच. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातल्या भक्तीविरुद्ध बजावणाऱ्या माणसाच्या कोटापुढे लोक हात जोडतात. मात्र ज्यांच्या पूर्वजांना अंगभर कपडा घालण्यावरूनही बोलणी खावी लागली, त्यांना त्या सुटाबुटात भक्तीहून वेगळेही काही दिसत असणार.

हे कपडे टिकवणे मात्र भावनेचे काम नव्हे. लोकरीला कसर लागते, पावसाळी दमटपणात बुरशी धरते, उजेडाने रंग विटतो. त्यात नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांना टेकणारा.

वस्तूंप्रमाणेच बाबासाहेब जिथे राहिले त्या वास्तूही जपण्याचा प्रश्न होता; त्यांची गत निरनिराळी झाली. दादरचे राजगृह उभे आहे. लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. अलीपूर रोडवरचा मूळ बंगला मात्र राहिला नाही. त्या जागी १३ एप्रिल २०१८ रोजी संविधानग्रंथाच्या आकाराचे राष्ट्रीय स्मारक खुले झाले.