एस्टोनिया : भाषेतून घडलेले राष्ट्र

राष्ट्रीयत्वाचा उगम राजसत्तेत, धर्मात किंवा वंशपरंपरेत शोधण्याची इतिहासकारांची रीत आहे. बाल्टिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील एस्टोनियाला ही कसोटी लावू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. तेराव्या शतकात जर्मन व डॅनिश आक्रमकांनी हा प्रदेश जिंकला. पुढे स्वीडनची आणि अठराव्या शतकाच्या आरंभी रशियाची सत्ता आली. राज्यकर्ते बदलले, तरी जमिनीचे धनी जर्मन सरदारच राहिले आणि तेथला शेतकरी भूदासच राहिला. त्याच्यापाशी ना राजवंश होता, ना दरबार. होती ती केवळ भाषा : फिनिश भाषेशी नाते सांगणारी, पण जर्मन, रशियन, लाटव्हियन या शेजारणींहून कुळानेच भिन्न. जेमतेम चौदा लाख वस्तीच्या या देशाची अस्मिता या एका आधारावर उभी राहिली आहे.

भूदासपद्धती उत्तर भागात १८१६ मध्ये व दक्षिणेकडील लिव्होनियात १८१९ मध्ये रद्द झाली. तरीही हा समाज स्वतःला ‘मारहवस’, म्हणजे ‘या भूमीचे लोक’, एवढेच म्हणवीत असे. १८५७ मध्ये योहान वोल्देमार यान्सेन याने पार्नू येथे साप्ताहिक काढले आणि वाचकांना ‘एस्टोनियन लोकहो’ असे संबोधले. राष्ट्राला नाव मिळाले ते असे वृत्तपत्राच्या अभिवादनातून.

त्याच वर्षी ‘कालेविपोएग’ हे महाकाव्य क्रमशः प्रसिद्ध होऊ लागले. त्याची कल्पना प्रथम फेलमान या वैद्याने तार्तूच्या विद्वत्सभेपुढे मांडली होती. १८५० मध्ये तो वारल्यावर ते कार्य भूदासाच्या पोटी जन्मलेल्या क्रॉइत्सवाल्ड या दुसऱ्या वैद्याने पूर्ण केले. १८५३ चा पहिला खर्डा सरकारी नियंत्रकांमुळे छापता आला नाही. म्हणून पुढील आवृत्ती जर्मन भाषांतरासह, विद्वानांसाठीचा ग्रंथ या रूपाने निघाली. वीस सर्गांच्या व सुमारे एकोणीस हजार ओळींच्या या काव्यात अस्सल लोकगीतांचा अंश थोडा असून बहुतेक रचना क्रॉइत्सवाल्डची आहे. मग याला राष्ट्रीय महाकाव्य म्हणावे काय, असा आक्षेप घेतला जातो. लोकवाङ्मयाचा पुरावा म्हणून पाहिल्यास तो आक्षेप खराच आहे. परंतु या काव्याचे कार्य पुराव्याचे नव्हतेच. त्याचा नायक अखेरीस नरकाच्या दाराशी खिळून राहतो आणि कधीतरी परतून आपल्या लेकरांना सुखाचे दिवस दाखवील, असे आश्वासन मागे उरते. आपल्या बोलीत एवढे मोठे काव्य होऊ शकते, ही जाणीवच भूदासांच्या वंशजांना नवी होती. १८८८ मध्ये याकोब हुर्त याने लोकगीते धाडण्याचे आवाहन करताच सुमारे चौदाशे माणसांनी एक लक्षाहून अधिक पृष्ठे भरून पाठविली. येथे महाकाव्य आधी आले आणि व्यापक संकलन मागून.

ग्रंथाने जे सुरू केले ते गाण्याने घरोघर पोहोचविले. लिव्होनियातील मुक्तीच्या पन्नासाव्या वर्षी, १८६९ मध्ये, तार्तू येथे पहिला गीतमहोत्सव झाला. समूहगायनाची ही प्रथा जर्मनांकडून घेतलेली, गीतेही बहुतेक जर्मन वळणाची. एस्टोनियन रचना दोनच होत्या आणि त्यांचे शब्द यान्सेनची कन्या लिदिया कोइदुला हिचे होते. साचा परका, शब्द आपले, हा क्रम या संस्कृतीत वारंवार दिसतो. १९०५ च्या सुमारास गुस्ताव सुइत्स आणि त्याचे सहकारी यांनी तेच सूत्र जाणीवपूर्वक स्वीकारले : एस्टोनियन राहावे, पण युरोपीयही व्हावे. योहान्नेस आविक याने तर भाषेची उणीव भरून काढण्यासाठी नवे शब्द घडविले आणि त्यांपैकी कित्येक आज नित्याच्या वापरात आहेत. १९१८ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि पुढल्याच वर्षी तार्तूचे विद्यापीठ एस्टोनियन भाषेतून शिकवू लागले. याच विद्यापीठात एकोणिसाव्या शतकात मैत्रायणी संहितेचा संपादक लेओपोल्ड फोन श्रोडर संस्कृत शिकवीत असे. विसाव्या शतकात तेथलाच लिन्नार्त म्याल याने भगवद्गीता मुळावरून एस्टोनियन भाषेत नेली.

१९४० मध्ये सोव्हिएत सत्तेने हे स्वातंत्र्य हिरावले. १९४४ मध्ये हजारो लोक देशांतर करून गेले. कवयित्री मारी उंडर हिचे उर्वरित आयुष्य स्वीडनमध्ये गेले. मागे राहिलेल्यांपैकी यान क्रॉस याने सैबेरियातील हद्दपारी भोगली आणि परतल्यावर ऐतिहासिक कादंबरीचा आडपडदा पत्करला. झारला सत्य सुनावल्यामुळे वेडा ठरविलेल्या सरदाराची त्याची कथा १९७८ मध्ये आली, तेव्हा वाचकांना तिचा रोख सांगावा लागला नाही. कोइदुलेच्या गीताला एर्नेसाक्सने दिलेली नवी चाल १९४७ च्या महोत्सवात गाइली गेली, नंतर वगळली गेली आणि १९६० मध्ये श्रोत्यांनी कार्यक्रमाबाहेर ती आपण होऊन उचलली. १९८८ मध्ये ताल्लिनच्या गीतांगणावर जमलेल्या अफाट समुदायाला या परंपरेचे बळ होते. २० ऑगस्ट १९९१ रोजी स्वातंत्र्य पुन्हा घोषित झाले.

जी भाषा सात शतके दुर्बलांचा आसरा होती, ती आता राजभाषा आहे आणि त्यामुळे तिच्यावरची जबाबदारीही बदलली आहे. देशाच्या वस्तीचा मोठा भाग रशियनभाषक आहे. १९४० नंतर येऊन स्थायिक झालेल्यांना १९९१ नंतर आपोआप नागरिकत्व मिळाले नाही, आणि २०२४ पासून त्यांच्या शाळा टप्प्याटप्प्याने एस्टोनियन माध्यमाकडे वळत आहेत. लहान भाषेला टिकण्यासाठी असा आग्रह धरावा लागतो, हे तिच्या इतिहासावरून समजते. परंतु ज्यांची मातृभाषा ती नाही त्यांना तोच आग्रह भिंतीसारखा वाटू शकतो, हेही नाकारता येत नाही. परक्याचे साचे घेऊन त्यांत स्वतःचे शब्द ओतणारी ही संस्कृती, परक्यांनी आपले शब्द घ्यावेत म्हणून तितकीच उदार होते काय, यावर तिच्या राष्ट्रीयत्वाची पुढली कसोटी अवलंबून आहे.