बहात्तर साली तुम्ही मंद्रूपला होतात

सोलापूरहून विजापूरकडे निघालेली एसटी मंद्रूपला थांबते. तुम्ही उतरता ते 1972 च्या डिसेंबरात. या दिवसांत ज्वारी डोक्याएवढी उभी असायची. यंदा काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या आहेत.

गावाबाहेर दुष्काळी काम चालू आहे. बायका ओळीनं खडी फोडायला बसल्यात. बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी. ओळीत शेवटी बसलेल्या बाईला सातवा महिना लागलाय. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. हातोडी उचलण्याआधी ती दरवेळी थोडी थांबते, पोट सावरते, मग घाव घालते. ही तुमची आजी. पोटात तुमची आई.

आणि तुम्हीही. मुलीची आयुष्यभराची बीजांडं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. ज्या बीजांडातून पुढे तुमचा जन्म झाला, तेही याच उन्हात आजीच्या रक्तावर पोसतंय.

संध्याकाळी तिच्या मागोमाग घरी चला. चुलीवर परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरी. आधी सासरा आणि नवरा जेवतात, मग दीर, मग पोरं. मुलाच्या ताटात अख्खी भाकरी पडते, मुलीच्या ताटात अर्धी. शेवटी आजी टोपलीत हात घालते. एक चतकोर उरलाय. त्यावर मिठाचा खडा, वर तांब्याभर पाणी. कुणी तिला उपाशी ठेवलेलं नाही. तिच्या आईनं असंच केलं, म्हणून तीही तसंच करते. कोपऱ्यातली मुलगी हे सगळं बघतेय, शिकतेय.

आता एकवीस वर्षं पुढे या, पुण्याजवळच्या खेड्यांत. 1993 मध्ये केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी इथल्या गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. त्यांची बाळं सरासरी 2.7 किलोची भरली. इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण पुण्याकडच्या बाळांच्या हातापायांवर मांस कमी असूनही कातडीखालची चरबी फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीची ही ठेवण पुढच्या मधुमेहाच्या धोक्याशी जोडली जाते. आईच्या पोटाला पडलेला चिमटा लेकराच्या अंगात असा मुरतो.

परत आजच्या मंद्रूपला या. कणगीत ज्वारी आहे, रेशनवर धान्य मिळतं, अंगणवाडीत गरोदर बाईचं वजन होतं. तरीही कितीतरी घरांत सून अजून शेवटी जेवते, आणि तिची लेक ते बघते. आपण संस्कार म्हणजे शुभंकरोती आणि मोठ्यांच्या पाया पडणं समजतो. ताट कुणाला आधी वाढलं जातं, हा त्याहून खोल संस्कार आहे, कारण तो मनाबरोबर हाडामांसातही उतरतो.

बहात्तरचा पाऊस कुणाच्या हातात नव्हता. वाढण्याचा क्रम मात्र आपल्या हातात आहे. घरात सून गरोदर असेल तर आज रात्री पहिलं ताट तिचं वाढा, आणि लेकीला अख्खी भाकरी द्या. अजून न जन्मलेल्या नातवंडांचंही ते पहिलं जेवण आहे.