संशयी वाचक

आमच्या आत्याच्या एका घरगुती बैठकीची सीडी माझ्याकडे आहे. मूळ कॅसेट केव्हाच बुरशीने गेली. तीन वर्षांपूर्वी ही सीडी संगणकावर घ्यायला बसलो. नेहमीच्या एका प्रोग्रॅमने काही मिनिटांत, एकही तक्रार न करता फायली तयार करून दिल्या. ऐकल्या, तर विलंबितात दोन ठिकाणी ‘टक्’ असा आवाज. पुन्हा उतरवली. आता एक ‘टक्’ नाहीसा झाला होता, पण दोन्ही फायली इतरत्रही जुळेनात. तबकडी एक, यंत्र एक आणि वाचने दोन! याचे कारण शोधताना या तबकडीच्या जन्मापर्यंत मागे जावे लागले.

फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० मध्ये ध्वनी-सीडीचे मानक ठरवले. ते ‘रेड बुक’ म्हणून ओळखले जाते. १९८२ मध्ये जपानात पहिला प्लेअर विक्रीस आला. या मानकात आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक सेकंदाचे ७५ तुकडे होतात. एक तुकडा २,३५२ बाइटांचा. तबकडीवर ओरखडे पडणार हे कर्त्यांनी गृहीत धरले होते. म्हणून रीड आणि सॉलोमन या गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेली दोषदुरुस्तीची पद्धत त्यांनी वापरली आणि लगतचे नमुने तबकडीवर दूरदूर विखरून ठेवले. एवढे करूनही नमुना हाती लागला नाही, तर प्लेअर आजूबाजूच्या नमुन्यांवरून मधली किंमत अंदाजाने भरतो. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने ही सोय आहे. जतन करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तो न सांगता घातलेला प्रक्षेप ठरतो.

दुसरी अडचण पत्त्याची. पुढे संगणकासाठी सीडी-रॉम आली, तेव्हा त्याच २,३५२ बाइटांपैकी माहितीला २,०४८ देऊन उरलेल्या जागेत तुकड्याचा पत्ता आणि जादा दोषदुरुस्ती बसवली गेली. ध्वनी-सीडीत सगळी जागा आवाजाची. पत्ता बाजूच्या एका वाहिनीत असतो, पण तो नमुन्यागणिक काटेकोर नसतो. गाणे सलग वाजवायचे असेल तर याने काही बिघडत नाही. संगणक मात्र थांबत थांबत वाचतो. थांबून परतलेला ड्राइव्ह नेमक्या त्याच नमुन्यावर उतरेलच असे नाही. थोडा अलीकडे किंवा पलीकडे उतरतो. तो सांधा म्हणजेच माझा ‘टक्’.

यावर उपाय शोधणाऱ्यांपैकी एक ख्रिस्तोफर माँटगोमेरी. पुढे ‘ऑग व्हॉर्बिस’ हे ध्वनिस्वरूप घडवणारे तेच. हाइको आइसफेल्ट यांच्या ‘सीडीडीए-टू-वेव्ह’ या मुक्त प्रोग्रॅममध्ये त्यांनी आधी सुधारणा केल्या; तिसऱ्या आवृत्तीपासून ‘सीडी-पॅरानोया’ स्वतंत्र झाला. पॅरानोया म्हणजे टोकाचा संशय, आणि नाव सार्थ आहे. हा वाचक प्रत्येक भाग एकमेकांवर चढतील अशा तुकड्यांत पुन्हा पुन्हा वाचतो, सामाईक मजकूर ताडून पाहतो आणि जुळला तरच सांधतो.

ही रीत आपल्याला परकी नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती अशीच पोथ्या ताडून सिद्ध झाली. तिथला एक धडा इथेही लागू पडतो : एकाच पोथीवरून केलेल्या दोन नकला म्हणजे दोन साक्षी नव्हेत. ड्राइव्ह नुकतेच वाचलेले स्वतःच्या स्मृतीत ठेवतो आणि पुन्हा विचारल्यावर तबकडीकडे न जाता तेच परत देतो. दोन्ही वाचने तंतोतंत जुळतात आणि दोन्ही चुकीची असू शकतात. म्हणून आधी ही स्मृती निकामी करून खरे दुसरे वाचन घडवावे लागते. २००८ च्या १०.२ आवृत्तीत ड्राइव्हची ही सवय तपासण्याचीच सोय आहे.

माँटगोमेरींनी हे काम लायब्ररीच्या, म्हणजे इतर प्रोग्रॅमांना जोडता येईल अशा संचाच्या रूपात ठेवले. तिचे दोन भाग : एक ड्राइव्हशी बोलणारा, दुसरा ताडून पाहणारा. रॉकी बर्नस्टीन यांच्या ‘लिबसीडीआयओ’ या ग्नू प्रकल्पाने पुढे ती आपल्यात आणली. मी तीच वापरून छोटा प्रोग्रॅम लिहिला : ड्राइव्ह उघडायचा, गाण्यांची सुरुवात-अखेर विचारायची आणि एकेक तुकडा मागायचा. प्रत्येक तुकड्यासोबत लायब्ररी निरोप पाठवते : सांधा दुरुस्त केला, ओरखडा दिसला, इथे सोडून दिले. मूळ प्रोग्रॅम हेच निरोप चेहऱ्यांच्या खुणांनी दाखवतो. सारे सुरळीत असले की हसरा, ओरखडा लागला की उदास.

आत्याची सीडी वाचायला त्या दिवशी दोन तासांहून अधिक वेळ गेला. दोन्ही ‘टक्’ गेले. पण द्रुत बंदिशीत तीन ठिकाणी ‘सोडून दिले’ असा निरोप आला. ऐकताना तिथे काहीही जाणवत नाही. पहिल्या प्रोग्रॅमने या जागा मला कधीच सांगितल्या नसत्या.

त्या तीन जागांची नोंद मी फायलीशेजारी ठेवली आहे. पोथी जिथे कसरीने खाल्ली, तिथे संपादक रिकामी जागा दाखवतो, स्वतःची ओळ घालत नाही. उद्या कुणी आत्याचे गाणे ऐकेल, तेव्हा तिचे कोणते आणि यंत्राच्या अंदाजाचे कोणते, हे त्याला कळायला हवे.