नाला, गाळ आणि त्यात उतरणारा माणूस : उपनगरांच्या नालेसफाईचा इतिहास

मे महिना उजाडला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत नालेसफाईच्या बातम्या सुरू होतात. किती टक्के गाळ निघाला, किती उरला, ३१ मेची मुदत पाळली गेली की नाही, यावर दावे-प्रतिदावे झडतात. या बातम्यांत गाळ मेट्रिक टनांत मोजलेला असतो. तो काढायला किती माणसे नाल्यात उतरली आणि त्यांच्या पायांत काय होते, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. आजचा धागा त्या माणसांविषयी आहे.

प्रथम नाल्याची ओळख करून घेऊ. उपनगरांत आज ज्यांना आपण सरसकट नाले म्हणतो, त्यांतील कित्येक मूळचे ओढे आणि नद्या होत. साष्टी बेटाच्या मध्यभागी डोंगररांग आहे. तिच्या उतारांवरून पाणी एकीकडे अरबी समुद्राकडे, दुसरीकडे ठाण्याच्या खाडीकडे वाहते. दहिसर, पोईसर, ओशिवरा या पश्चिमेच्या नद्या. विहार तलाव १८६० मध्ये पूर्ण झाला. त्याच्या सांडव्याचे पाणी पवईच्या पाण्याला मिळते आणि मिठी वाहू लागते. सुमारे १८ किलोमीटरचा प्रवास करून ती माहीमच्या खाडीला भेटते. अंधेरीचे मोगरा आणि इर्ला, घाटकोपर-विद्याविहारचा सोमय्या नाला, मुलुंडचा नानेपाडा नाला ही सारी याच जलव्यवस्थेची लहान भावंडे.

मुंबई उपनगर जिल्हा १९२० मध्ये अस्तित्वात आला, तरी महापालिकेची हद्द माहीम-शीवच्या अलीकडेच थांबत होती. अंधेरी, घाटकोपर १९५० मध्ये आणि बोरिवली, मुलुंड १९५७ मध्ये बृहन्मुंबईत सामील झाले. हा सनावळीचा तपशील रूक्ष वाटेल, पण पुढची सारी गोष्ट त्यावर उभी आहे. मूळ शहरात भूमिगत मलवाहिन्यांचे काम एकोणिसाव्या शतकातच सुरू झाले होते. उपनगरांत मात्र आधी वस्ती आली, मग रस्ते, आणि मलवाहिन्या सर्वांत शेवटी. झोपडपट्ट्यांत तर कित्येक ठिकाणी त्या पोहोचल्याच नाहीत. ज्या ओढ्यांनी पावसाचे पाणी वाहून न्यायचे, त्यांत संडासांचे पाणी, जोगेश्वरी-गोरेगावच्या तबेल्यांतील शेण, कारखान्यांचे तेल आणि पाडलेल्या घरांचा राडारोडा येऊन पडू लागला. कागदावर मात्र ते ‘पर्जन्य जलवाहिन्या’च राहिले. हा शब्द लक्षात ठेवा. तो पुढे एका कायद्यात आडवा येणार आहे.

आता माणसांकडे वळू. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात ‘हलालखोर कर’ नावाचा स्वतंत्र कर होता. मैला वाहणाऱ्या जातीचे नाव थेट करालाच दिलेले! शहर त्यांच्यावर किती विसंबून होते, ते १८९६ च्या प्लेगात दिसले. सक्तीचे अलगीकरण आणि घरझडत्या यांच्या धास्तीने लोक पळू लागले, तेव्हा म्युनिसिपल कमिशनर स्नो यांना मोठी चिंता होती ती हलालखोर आणि बिगारी शहर सोडून गेले तर काय, याची. प्लेगचे नियम सौम्य करण्यामागे ही भीतीही होती. एवढे महत्त्व ओळखूनही त्यांच्या अंगावरच्या कपड्यांत वा हातातल्या अवजारांत काही फरक पडला, असे समजण्यास आधार नाही. १९३० च्या दशकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली म्युनिसिपल कामगार संघ उभा राहिला, तेव्हा कुठे या कामगारांना स्वतःची संघटना मिळाली.

‘बिगारी’ हा शब्द ‘वेठबिगारी’तला. वेठ कायद्याने गेली, हुद्दा राहिला. आजही नाल्यातल्या कामगाराला बिगारीच म्हणतात आणि त्याच्यावर मुकादम असतो. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा, नगर, सोलापूरकडून आलेली कितीतरी कुटुंबे शहराच्या सफाईकामात शिरली आणि त्यांत दलितांचे प्रमाण मोठे होते. सुधारक ओलवे यांनी टिपलेली सफाई कामगारांची छायाचित्रे पाहिली नसतील तर जरूर पाहा. इतिहासाच्या विद्यार्थ्याला अहवालांत जे सापडत नाही, ते तिथे आहे.

नाल्यात नेमका धोका काय? बुडणे आणि काच लागणे हे डोळ्यांना दिसणारे. न दिसणारे दोन. पहिला वायूचा. साचलेल्या गाळात हायड्रोजन सल्फाइड अडकून असतो. फावडे लागले की तो सुटतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तोवर माणूस सावध होतो, परंतु प्रमाण वाढले की हा वायू घ्राणेंद्रियच बधिर करतो. वास थांबला म्हणून धोका टळला असे वाटते, आणि नेमके तेव्हाच प्राण धोक्यात असतात. उघड्या नाल्यात वारा असतो. पण रस्त्याखालच्या, रेल्वेखालच्या मोरीत किंवा वरून स्लॅब टाकलेल्या भागात वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साठून राहतो.

दुसरा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. उंदीर आणि गुरे यांच्या मूत्रातून हे जंतू पाण्यात येतात आणि त्वचेवरच्या साध्या ओरखड्यातूनही शरीरात शिरतात. लंडनच्या गटार कामगारांत हा आजार असल्याचे हॅमिल्टन फेअरली यांनी १९३४ मध्येच प्रसिद्ध केले होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर लेप्टोची साथ आली आणि हा शब्द मुंबईकरांच्या तोंडी रुळला. डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या, पाण्यातून चालू नका ही सूचना, हे सारे आपण तेव्हा शिकलो. आपण एक दिवस कमरेएवढ्या पाण्यातून चाललो; बिगारी त्या पाण्यात दर उन्हाळ्यात उभा असतो.

आता तो शब्द. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा. दुसरा ६ डिसेंबरला, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी लागू झाला. त्याने मलवाहिनी आणि सेप्टिक टँकमध्ये संरक्षक साधनांविना माणूस उतरवणे हा गुन्हा ठरवला. मलवाहिनीची व्याख्या मात्र मैला वाहून नेणारी भूमिगत वाहिनी अशी आहे. उघड्या गटाराचा उल्लेख कायद्यात येतो, तो अस्वच्छ शौचालयांचा मैला ज्यात सोडला जातो त्या गटारापुरता. मग मोगरा नाला कशात बसवायचा? तो उघडा आहे आणि दप्तरी पावसाच्या पाण्याचा आहे. माझ्या मते उपनगरांतील नालेसफाईचा सारा पेच इथे आहे. नाल्यात मैला आहे हे काठावरच्या कोणालाही नाकाने कळते, पण कायद्याला ते सिद्ध करून दाखवावे लागते.

त्यात भर कंत्राटाची. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा वीस किंवा अधिक कामगारांच्या कंत्राटाला लागू होई, म्हणून मुंबईत सफाईची कामे त्याहून लहान तुकड्यांत वाटली गेली, असा आक्षेप कचरा वाहतूक श्रमिक संघाने सातत्याने घेतला. या संघाच्या लढ्यातून २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात २७०० कचरा कामगारांच्या कायम नोकरीवर शिक्कामोर्तब झाले. ते वर्षभराचे काम करणारे होते. नालेसफाईचा कामगार दोन-तीन महिन्यांचा, त्याला हा मार्गही अवघड.

यंत्रे आली नाहीत असे नव्हे. मिठीसारख्या रुंद पात्रात पोकलेन आणि तरंगती यंत्रे काम करतात. पण वस्त्यांमधून जाणाऱ्या चिंचोळ्या नाल्यात पोकलेन उतरवायला वाट नसते. माझ्या लोकलच्या रोजच्या प्रवासात घाटकोपरच्या आसपास रुळांलगत मी दर मे महिन्यात हेच पाहतो : तीन-चार जण गुडघाभर काळ्या पाण्यात, एक घमेले हातोहात वर येते, वरचा माणूस ते काठावर उपडे करतो. काहींच्या पायांत गमबूट असतात, काहींच्या नाहीत. ज्यांच्या पायांत असतात, त्यांचेही बूट पाणी वरून आत शिरेल इतके आखूड.

सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी मलवाहिनीतील मृत्यूसाठी दहा लाख रुपयांची भरपाई ठरवली आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती तीस लाखांवर नेली. निकालांची भाषा मलवाहिनीत गुदमरून गेलेल्यांची आहे. लेप्टो मात्र नाल्यात मारत नाही. संसर्गानंतर लक्षणे दिसायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, कधी महिनाही. मेच्या अखेरीस नाल्यात उतरलेल्या माणसाला ताप भरतो तो जूनच्या मध्यावर, पाऊस सुरू झाल्यावर. तोवर त्याचे कंत्राट संपलेले असते, मुकादम दुसऱ्या कामावर गेलेला असतो, आणि रुग्णालयाच्या केसपेपरवर ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘मजूर’ एवढेच लिहिले जाते.